जुन्या जीपला मागचं जास्त मजबूत डिफरन्शियल बसवता येतं का?

जुन्या फोर-बाय-फोर जीपमध्ये ताकदीचं डिझेल इंजिन घातल्यापासून मागचं डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच) दोनदा गेलं, आता मोठ्या गाडीचं अख्खं हाउसिंगच (डिफरन्शियल आणि एक्सल ज्यात बसतात तो लोखंडी सांगाडा) बसवू का, असं तुम्ही विचारलंय. बसतं. चाळीसगावला माझ्या जीपला मी बसवलंय. पण पहिल्या खेपेला माझी जी चूक झाली, ती तुमची होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

मी भंगारातून हाउसिंग उचललं ते नुसती जाडी बघून. जुनं क्राउन-पिनियन (आतली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी) 43/8 दातांचं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे. आणलेलं निघालं 41/9, म्हणजे 4.56. धुळ्याच्या सपाट रस्त्याला गाडी झकास पळाली. कन्नड घाटात मात्र तिसऱ्यावर चढायची तिथे दुसरा टाकावा लागला, कारण प्रत्येक गिअरमधली ओढ 15 टक्क्यांनी घटली होती. पुढचा एक्सल तर 5.38 चाच राहिला होता. शेतात फोर-व्हील टाकलं आणि गाडी आवळल्यासारखी झाली, लिव्हर मागे येईना. आमचे उस्ताद तेव्हा म्हणाले, "भाऊ, पहिले दात मोज, मंग हाउसिंग ले."

मोजायला खोलावंही लागत नाही. गाडी न्यूट्रल करून पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या. ते चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजा. साधारण सव्वापाच ते साडेपाच आले तर तुमचंही 5.38 असणार. आणायच्या हाउसिंगचं प्रमाण तुमच्या पुढच्या एक्सलसारखंच नसेल तर त्या हाउसिंगवर पैसे घालू नका.

त्याआधी फुटलेला माल नीट बघा. आतले चार छोटे गिअर गेले असतील तर काळ्या मातीत एक चाक भिरभिरतं आणि एकदम पकड घेतं, तो झटका कारण असतो. तिथे क्लच सांभाळून सोडला तरी बरंच निभतं. क्राउनचे दात गेले असतील तर फिटिंग तपासा. शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचा आणि फिरवून ठसा बघायचा. तो दाताच्या मधोमध हवा, टोकाला आला तर शिमा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून पुन्हा. माझ्याकडे यातच पूर्ण दिवस गेला, आणि तो वाचवू नये असं माझं ठाम मत आहे.

घ्यायचंच झालं तर फुल-फ्लोटिंग एक्सलचं हाउसिंग घ्या. त्यात वजन हाउसिंगवर राहतं, एक्सल तुटला तरी चाक निघून जात नाही. स्प्रिंगच्या बैठका वेल्ड करण्याआधी पिनियनचा कोन गिअरबॉक्सच्या कोनाशी जुळवा, नाहीतर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस टिकत नाहीत. मागचे ब्रेक मोठे आले तर आधी रिकाम्या मैदानात दाबून बघा. आणि वेल्डिंगच्या आधीच आरटीओत विचारा, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 अशा बदलांबद्दलच आहे.

डिफरन्शियलमध्ये जीएल-5 दर्जाचंच गिअर ऑइल भरा. पाचशे किलोमीटरनंतर थोडं काढून बोटांत चोळा. पिठासारखं लागलं तर चालू द्या, कण टोचले तर पुन्हा खोला.