सागाची पाने कोण खातो : पतंग, सुरवंट की अळी?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचकाने सागाच्या लागवडीविषयीच्या टिपणातले एक वाक्य पाठवून ते बरोबर आहे का, असे विचारले आहे. वाक्य असे : ‘मृगाच्या तोंडावर पतंगांनी सागावर हल्ला केल्यामुळे पानगळ झाली आणि फांद्यांवर सुरवंटांचे कोश लटकले.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट काढता येणार नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द वस्तुस्थितीपासून थोडा थोडा सरकलेला आहे.

कोकणात वळवाच्या सरी पडून सागाला कोवळी पालवी फुटली की जी कीड दिसू लागते, तिचे शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. या कीटकाचा प्रौढ म्हणजे पतंग. त्याचे पुढचे पंख करडे-तपकिरी असतात आणि तो मिटून बसला की वाळक्या पानात सहज लपतो. मागच्या काळपट पंखांवरचे नारिंगी-पिवळे पट्टे उडतानाच दिसतात. पतंगाला पान कुरतडायला जबडे नसतात, सोंडेसारखी नळी असते. त्यामुळे ‘पतंगांनी हल्ला केला’ हे शब्दशः खरे नव्हे. मादी कोवळ्या पानांवर, बहुधा शिरांच्या कडेने, एकेक करून काही शेकडो अंडी घालते आणि तिचे काम तिथेच संपते.

पाने खाते ती अळी. दोनेक दिवसांत अंड्यातून निघालेली अळी आधी पानाचा पृष्ठभाग खरवडते. जरा वाढली की ती पानाच्या कडेला अर्धगोल काप घेते, तो तुकडा आपल्याच रेशमी धाग्याने दुमडून पानावर चिकटवते आणि त्या घडीत दडून आतून खात राहते. सागाचे पान हातात घेऊन कडेची अशी घडी उलगडली, तर आत अळी किंवा निदान तिची विष्ठा सापडते. चार वेळा कात टाकून दहाबारा दिवसांत तिची पूर्ण वाढ होते आणि तोवर पानाच्या मुख्य शिरा तेवढ्या उरलेल्या असतात.

तिला सुरवंट म्हणावे का? पाठ्यपुस्तकांत फुलपाखराच्या कोणत्याही अळीला सुरवंट म्हटलेले आढळते आणि ते चूक ठरवण्याचा माझा आग्रह नाही. परंतु रोजच्या मराठीत सुरवंट म्हटले की अंगावर केस असलेला, स्पर्शाने खाज आणणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. सागावरची ही अळी जवळजवळ गुळगुळीत असते. तेव्हा इथे ‘अळी’च लिहावे. विज्ञानलेखनातला ‘डिंभ’ हा शब्दही अचूक आहे, मात्र बागायतदारासाठी लिहिलेल्या टिपणात तो उगाच जड होईल. ‘कीड’ हा शब्द अंडी, अळी, कोश आणि पतंग या चारही अवस्थांना पुरतो. कोण काय करते हे सांगायचे नसेल तेव्हा तो सर्वांत सोयीचा.

‘पानगळ’ मात्र निश्चित बदलावा. सागाची खरी पानगळ हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत होते आणि ती झाडाची स्वाभाविक क्रिया आहे. किडीने पाने गळत नाहीत, खाल्ली जातात. म्हणून ‘झाडे निष्पर्ण झाली’ किंवा ‘अळीने पाने फस्त केली’ असे म्हणावे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारी दुसरी कीड, युटेक्टोना मॅकेरॅलिस, शिरांमधला हिरवा गर तेवढा खाते व नाजूक जाळी शिल्लक ठेवते. तिच्याबाबत ‘पानांची जाळी झाली’ हा प्रयोग अगदी चपखल बसतो, पण पहिल्या किडीसाठी तो वापरू नये. दुरून ही झाडे करपल्यासारखी दिसतात, त्यामुळे करपा रोगाशीही तिची गल्लत होते.

राहिले कोश. पूर्ण वाढलेली अळी धाग्याला लोंबकळत खाली उतरते आणि बहुधा जमिनीवरच्या पाचोळ्यात कोशावस्थेत जाते. म्हणजे फांद्यांखाली लटकताना दिसतात त्या उतरणाऱ्या अळ्या. आठवडाभराने कोशातून पतंग निघतो. हवामान अनुकूल असले तर अंड्यापासून पतंगापर्यंतचे चक्र साधारण तीन आठवड्यांत पुरे होते, म्हणूनच एका पावसाळ्यात एकाहून अधिक पिढ्या येऊ शकतात. (‘कोश’ आणि ‘कोष’ ही दोन्ही रूपे संस्कृतात आहेत, मराठीत ‘कोश’ अधिक रुळले आहे.)

याच कीटकाच्या अळ्या खाडीकाठच्या तिवरांवरही पडतात. त्यामुळे ‘सागाची अळी’ असे म्हणण्याऐवजी ‘सागावरील पाने खाणारी अळी’ म्हणणे अधिक नेमके. वाचकांचे वाक्य मी असे लिहीन : ‘मृगाच्या तोंडावर पाने खाणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव होऊन साग निष्पर्ण झाला आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या धाग्यांवरून उतरून पाचोळ्यात कोशावस्थेत गेल्या.’