फोंतेन्यासच्या जुन्या घरात ब्रंचला जाताना
पुण्याहून सहकुटुंब पणजीला जाऊन तिथल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीतील, आता अतिथीगृह झालेल्या एखाद्या पोर्तुगीजकालीन घरात प्रथमच ब्रंच घेणार असाल, तर आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवा आणि सोबतच्या शाकाहारी ज्येष्ठांविषयी स्पष्ट सांगा, कारण तेथील चोरिस हे डुकराच्या मांसाचे सॉसेज असते आणि बेबिंका या थराथरांच्या गोव्याच्या गोड पदार्थातही अंड्यांचा पिवळा बलक असतो (गोड पदार्थात अंडे असेल, अशी शंका आजीआजोबांना सहसा येत नाही). मुलांना मात्र बेबिंका अवश्य द्या. नारळाच्या दुधातील मिश्रणाचा एक थर वरच्या आचेवर भाजून झाल्यावरच पुढचा ओततात, म्हणून ते घाईने संपवणे मला पटत नाही. दमट उकाडा वाढण्यापूर्वी पोहोचावे. शेजारच्या घरांत माणसे राहतात, तेव्हा छायाचित्रांपूर्वी परवानगी घ्यावी.