इंजिन बदलताना क्लच कोणत्या मापाचा?

जुन्या क्लचचं माप विसरा. नव्या इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) निदान सव्वापट पेलेल असा क्लच घ्या. कायम भरलेली गाडी चढावर जात असेल तर दीडपट.

क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलशी (इंजिनाच्या जड चाकाशी) जुळवायचे, क्लच प्लेटचे स्प्लाइन (मधल्या भोकातले दाते) मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टशी. दातांची संख्या आणि व्यास, दोन्ही मोजा. इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणाऱ्या पायलट बेअरिंगचं बाहेरचं माप क्रँकशाफ्टच्या किंवा फ्लायव्हीलच्या भोकाचं, आतलं इनपुट शाफ्टचं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

३५० मिमीऐवजी सरळ ३९५ची प्लेट बसवायचा मोह होतो. पण फ्लायव्हीलचा घासणारा भाग तेवढा रुंद नसेल तर प्लेटची कड अधांतरी राहते, शिवाय प्रेशर प्लेटचं कव्हर बेल हाउसिंगला (क्लचभोवतीच्या कवचाला) घासू शकतं. माप तेच ठेवून नुसती कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट टाकली तर पेडल जड होतं आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग लवकर जातं.