१८०९ साल लिहिताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दिनविशेषाच्या पानासाठी १८०९ सालावर लिहिलेला तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण डार्विन, लिंकन, ब्रेल, इंग्रज कवी टेनिसन, ग्लॅडस्टन अशी नावं ओळीनं लावून खाली ‘केवढ्या कर्तृत्वाचं वर्ष!’ असं लिहिलंयस, तिथं मी अडखळलो. अरे, ही सगळी मंडळी त्या वर्षी पाळण्यात होती! १२ फेब्रुवारीला डार्विन इंग्लंडात आणि लिंकन केंटकीतल्या ओंडक्यांच्या झोपडीत जन्मला, हा योगायोग वाचकाला आवडतो, तो ठेव. पण त्या वर्षाचं श्रेय बाळांच्या खात्यावर टाकू नकोस.

कामाला लागलेले लोक वेगळेच होते. सजीवांच्या जाती बदलत जातात, असं मांडणारा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला. डार्विनचा यायला अजून ५० वर्षं होती. जर्मन गणितज्ञ गाऊसनं ग्रहांच्या कक्षांचं गणित छापलं. आणि त्याच केंटकीत, डिसेंबरात, मॅकडॉवेल या डॉक्टरनं जेन टॉड क्रॉफर्ड हिच्या पोटातून दहा किलोंची अंडाशयाची गाठ काढली. भुलीचं औषध तेव्हा नव्हतंच. तेवढं ओझं पोटात घेऊन ती साठेक मैल घोड्यावरून आली होती, आणि पुढं तीस वर्षांहून जास्त जगली. या नोंदीत आधी तिचं नाव घे, मग डॉक्टरांचं.

जन्म लिहायचेच असतील तर एक कर. जन्मसालाच्या पुढे त्या माणसाचं कामाचं वय मांड. ब्रेलनं अंधांसाठी सहा टिंबांची लिपी बसवली ती १५व्या वर्षी, आणि तो ज्या शाळेत शिकला नि शिकवत राहिला, तिनंही ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, म्हणजे तो वारल्यावर दोन वर्षांनी. हे एवढं सांगितलंस तरी ४ जानेवारी या त्याच्या जन्मतारखेला अर्थ येतो.

तुझ्या यादीत डेरोझिओ नाही, याचं मात्र वाईट वाटलं. हेन्री डेरोझिओ, जन्म १८ एप्रिल १८०९, कलकत्ता. सतराव्या वर्षी हिंदू कॉलेजात शिक्षक. पोरांना ‘प्रश्न विचारा’ म्हणाला, पोरांनी विचारले, घराघरांत खळबळ उडाली, आणि १८३१ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला कॉलऱ्यानं गेला. वय २२. दुसऱ्याच दिवशी, २७ डिसेंबरला, प्लिमथहून बीगल जहाज निघालं. त्यावर डार्विन होता. त्याचंही वय २२! लिंकन त्या वर्षी न्यू सेलम गावात दुकानात कारकुनी करत होता. एकाचं सगळं आयुष्य आटोपलं होतं, बाकी दोघांचं धड सुरूही झालं नव्हतं. माझं ऐकशील तर लेख इथूनच सुरू कर, आणि ग्लॅडस्टनला एका ओळीत आटप. तो चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला हे लोकांना कुठंही सापडेल.

रशियन लेखक गोगोलची जन्मतारीख तू २० मार्च दिली आहेस. ती जुन्या रशियन पंचांगाची. आजच्या हिशेबानं १ एप्रिल. बाकीच्या सगळ्या तारखा नव्या पंचांगाच्या आहेत, तेव्हा तीही बदलून घे. नवा मसुदा झाला की पाठव, आणि या खेपेला उद्गारचिन्हं जरा कमी. ती माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना शोभतात.

तुझा,
काका