पन्नाशीत पुन्हा पहिल्या बाकावर

"मॅडम, डिझेल संपतंय, म्हणजे आम्हीही संपलो." नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले पन्नाशीच्या आसपासचे साहेब लोक हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला हे वाक्य घेऊनच येतात. गंगापूर रोडला फ्लॅट, मुलगी पुण्यात शिकतेय, आणि रात्री तीनला जाग. त्यांतल्या एकांविषयी सांगते. ओळख पटेल ते तपशील बदललेत.

हे डीजीएम, म्हणजे उपमहाव्यवस्थापक. सगळी नोकरी डिझेल इंजिनाच्या भागांच्या लाइनवर. कंपनीनं इलेक्ट्रिकचा विभाग काढला आणि यांना एका पस्तिशीतल्या मुलाच्या हाताखाली दिलं. राजीनामा लिहून तयार होता. सुरुवातीच्या भेटी बॅटरी, चीन आणि सरकारी धोरणातच गेल्या. मी बोलू दिलं. स्वतःविषयी बोलणं जड गेलं की पुरुष देशाविषयी बोलतात.

मग एकदा विचारलं, "१ एप्रिल २०२०ला गाड्यांच्या धुराचे नियम बीएस-४ वरून थेट बीएस-६ झाले. मधली पायरीच गाळली. तेव्हा काय केलंत?"

गडी खुलला. धुरातली काजळी अडवणारे फिल्टर, युरियाचा फवारा, व्हेंडरकडे परत पाठवलेले लॉट... थांबेचनात.

"हे आधी येत होतं?"

"छे! शिकलो."

"मग आता काय अडतंय?"

बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "तेव्हा शिकवायला बाहेरचे कन्सल्टंट होते. हा माझ्याकडे ट्रेनी होता, मॅडम."

मला हेच हवं होतं. त्यांची झोप मोटरनं उडवलीच नव्हती. 'ज्याला मी शिकवलं, त्याच्याकडून शिकलो तर माझी किंमत शून्य', हा त्यांनी स्वतःच केलेला कायदा छळत होता. परिस्थिती बदलणं आपल्या हाती नसतं. असा कायदा मात्र तपासता येतो. इतकी वर्षं मी तेच करत आलेय.

मी वाहन उद्योगातल्या पवन गोएंकांचं उदाहरण दिलं. अमेरिकेत जनरल मोटर्समधलं संशोधन सोडून ते १९९३ला महिंद्रात आले, २००२च्या स्कॉर्पिओमागे त्यांचं मोठं काम. २०२१ला निवृत्त झाले आणि त्याच वर्षी थेट अवकाश क्षेत्रात, खासगी अवकाश कंपन्यांसाठीच्या 'इन-स्पेस' या सरकारी संस्थेचे अध्यक्ष झाले. "ते कानपूर आयआयटीचे, मी इथल्या के. के. वाघ कॉलेजचा," हे लगेच फेकलं गेलं. म्हटलं, पद सोडा. पासष्टी ओलांडलेल्या माणसानं नव्या विषयात किती प्रश्न विचारले असतील, तेवढंच बघा.

अशा वेळी राजीनामा आधी नको. घराचे हप्ते, मुलांची फी, पीएफ यांचा हिशेब बायकोसोबत बसून मांडा. निम्मी भीती तिथेच उतरते, आणि उरते ती खरी असते. कुठलं ज्ञान खरंच कालबाह्य होतंय आणि कुठलं नाही, तेही लिहा. इंजिनात डिझेल सोडणारा इंजेक्टर जाईल, पण लाइन बॅलन्सिंग म्हणजे लाइनवरच्या कामाची नीट वाटणी, व्हेंडर, युनियनशी बोलणी कुठे जाणार? काहींना नोकरी बदलावीच लागते. पण रागात नको.

परवा त्यांचा फोन आला. कुरकुर चालूच आहे. "पोराला मोटर कळते, व्हेंडरचं काही कळत नाही. सोमवारी त्याला सिन्नरला घेऊन जातोय. जाताना गाडीत मला मोटरचा इन्व्हर्टर समजावून सांगणार आहे म्हणे."