कॉपी प्रोटेक्शन असलेल्या जुन्या गेम सीडींचा बॅकअप घ्यायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

तुम्ही विचारलंय की २००० ते २००६ मधल्या पंधरा-वीस ओरिजिनल गेम सीडी घरात आहेत, इमगबर्न या सॉफ्टवेअरने त्यांच्या आयएसओ फाइली, म्हणजे सीडीच्या इमेज (फाइलरूपी नकला), केल्या, पण गेम सुरू केला की ‘मूळ सीडी टाका’ एवढंच दिसतं. मग क्लोनसीडी, अल्कोहोल १२०% आणि ब्लाइंडराइट यांतलं कोणतं घ्यावं? शिवाय लंडनहून मामेभावाने आणलेली प्लेस्टेशनची एक सीडीही आहे.

आधी थेट उत्तर देते. आज नव्याने सुरुवात करत असाल तर बहुतेक सीडींसाठी रीडम्पर हे सॉफ्टवेअर वापरा. सिक्युरॉम या प्रोटेक्शनचं नवं रूप असलेल्या सीडी अल्कोहोलवर घ्या. क्लोनसीडी आधीपासून असेल तर ती अजूनही कामाची आहे. पण सगळ्या सीडींना एकच सॉफ्टवेअर पुरणार नाही. का पुरणार नाही ते कळलं तर पुढचे निर्णय तुम्हीच घेऊ शकाल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इमगबर्नने काहीच चूक केलेली नाही. सीडीवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहितीचा एक तुकडा, २३५२ बाइटचा असतो. त्यातले २०४८ बाइट म्हणजे तुमच्या फाइलींचा मजकूर. उरलेल्या ३०४ बाइटांत सेक्टरची खूण, पत्ता आणि चुका ओळखून दुरुस्त करायचे कोड असतात. याशिवाय प्रत्येक सेक्टरसोबत ९६ बाइट सबचॅनेलचे, म्हणजे जागा-वेळेसारख्या जोड नोंदींचे, धावतात. आयएसओमध्ये फक्त ते २०४८ बाइट उतरतात. फोटो किंवा गाणी जपायची असतील तर तेवढं भरपूर झालं. पण कॉपी प्रोटेक्शन बसवणाऱ्यांनी आपली खूण नेमकी उरलेल्या जागेत, किंवा त्याहीपलीकडे प्लास्टिकच्या घडणीतच ठेवली होती. सीडीत मुद्दाम एक खोट ठेवायची आणि गेमने सुरू होताना ती खोट जागेवर आहे ना हे बघायचं, अशी सगळी रचना. म्हणजे तुम्हाला फाइलींची नाही, त्या खोटीची नक्कल हवी आहे. चांगलं सॉफ्टवेअर खोट दुरुस्त करायला जात नाही, ती जशीच्या तशी उतरवून घेतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे कोणत्या सीडीवर कोणतं प्रोटेक्शन आहे ते ओळखणं. यासाठी प्रोटेक्शनआयडीसारखी साधनं आहेत, पण बऱ्याचदा एक्सप्लोररमध्ये सीडी उघडली की डोळ्यांनीच कळतं. सात शून्य आणि एक असा आकडा, पुढे टीएमपी, अशा नावाची फाइल किंवा ‘सेकडीआरव्ही’ नावाची ड्रायव्हर फाइल दिसली तर ते सेफडिस्क. ‘सीएमएस१६’, ‘सीएमएस_९५’ अशा डीएलएल दिसल्या तर जुनं सिक्युरॉम. ‘लेझरलॉक’ नावाचं लपवलेलं फोल्डर असेल तर नावातच उत्तर आहे.

तुमच्या काळातल्या सीडींत सेफडिस्क बरंच सापडेल. मॅक्रोव्हिजन कंपनीचं. पहिल्या पिढीत सीडीच्या सुरुवातीच्या भागात, साधारण पहिल्या दहा हजार सेक्टरांच्या पट्ट्यात, वाचताच येणार नाहीत असे शेकडो सेक्टर मुद्दाम पेरलेले असतात. ड्राइव्ह तिथे पोचली की अडखळते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आतून खर्रखर्र आवाज येतो. साधं सॉफ्टवेअर तिथे थांबतं किंवा शून्यं भरून पुढे जातं. क्लोनसीडी, अल्कोहोल, डिस्कइमेजक्रिएटर, रीडम्पर ही सगळी मंडळी ‘इथे वाचता आलं नाही’ हीच गोष्ट नोंदवून ठेवतात. या प्रकारात त्यांच्यात मोठा फरक नाही.

इथे मला स्वतःला बसलेला फटका सांगते. दादाने पहिल्या पगारातून लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली एक रेसिंग गेमची सीडी होती. सेफडिस्क आहे म्हटल्यावर चुका येणारच, असं धरून मी लॉगमधले, म्हणजे सॉफ्टवेअरने ठेवलेल्या वाचनाच्या नोंदीतले, आकडे पाहिलेच नाहीत. इमेज झाली, गेमनेही ती मूळ सीडी म्हणून स्वीकारली, मी निर्धास्त. महिन्याभराने दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल करायला गेले तर अर्ध्यावर एक फाइल अडली. लॉग पुन्हा उघडला, तर सुरुवातीच्या पट्ट्यातल्या चुकांशिवाय पार पुढे, दोन लाखांच्या पलीकडच्या सेक्टरांत एक सलग झुबका होता. ते प्रोटेक्शन नव्हतं, तो ओरखडा होता. आणि तोवर पावसाळा होऊन गेलेला. कपाटातून सीडी काढून ट्यूबलाइटसमोर धरली तर लेबलच्या बाजूने टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसत होते. सीडीचा चकाकता थर लेबलच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या आत असतो, खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिक असतं, वरून जवळपास काहीच नाही. तो थर सुटला की कोणतंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. मला तीच सीडी जुन्या बाजारात पुन्हा शोधावी लागली.

म्हणून इमेज झाल्यावर चुका किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत ते बघा. सुरुवातीच्या पट्ट्यात असतील तर ती कंपनीने ठेवलेली खोट. त्याच्या बाहेर असतील तर सीडी हलक्या हाताने, आतून बाहेर सरळ रेषेत पुसा आणि पुन्हा घ्या, शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर. रीडम्पर मला यासाठीच आवडतो. तो कोणता भाग नीट वाचला गेला याची नोंद ठेवतो आणि पुढच्या फेरीत फक्त उरलेला भाग भरून काढतो. तो कमांड लाइनवर चालतो, पण घाबरू नका, एका साध्या कमांडवर पूर्ण काम होतं. काळी खिडकी नकोच असेल तर एमपीएफ नावाचं खिडकी-बटणांचं आवरण मिळतं.

सेफडिस्कच्या दुसऱ्या पिढीत ‘वीक सेक्टर’ आले. त्यांतला मजकूर वाचायला सोपा, पण त्याचे बिट अशा क्रमाने लावलेले की कोऱ्या सीडीवर लिहिताना बऱ्याच रायटरचा तोल जायचा आणि लिहिलेलं परत वाचता यायचं नाही. क्लोनसीडीचं चिन्ह मेंढीचं, म्हणून त्या काळी लोक रायटरला मेंढ्यांनी मोजायचे. दोन मेंढ्यांचा रायटर म्हणजे हे सेक्टर नीट लिहिणारा, शून्य मेंढ्यांचा म्हणजे निकामी. आज तुम्हाला या भानगडीत पडायची गरज नाही. अडचण लिहिण्यात होती, वाचण्यात नाही. इमेज हार्ड डिस्कवर ठेवा आणि व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरने भासवलेल्या, ड्राइव्हवर लावा, कोऱ्या सीडी जाळत बसू नका.

आता सिक्युरॉम. हे सोनी डीएडीसीचं, आणि याची दोन रूपं अगदी वेगळी आहेत. जुनं रूप सबचॅनेलमध्ये खेळ करतं. ‘क्यू’ नावाच्या सबचॅनेलमध्ये तो सेक्टर सीडीवर कुठे आहे याची वेळ लिहिलेली असते. काही ठरावीक सेक्टरांत ती मुद्दाम चुकीची लिहिलेली. इथे क्लोनसीडीची सबचॅनेल फाइल कामाला येते, मात्र वाचताना डेटा ट्रॅकचं सबचॅनेल वाचायचा पर्याय चालू करायला विसरू नका.

नवं रूप जास्त चतुर आहे. सीडी म्हणजे मधून बाहेर गोल गोल जाणारी एकच लांब वाट. कारखान्यात साचा घडवताना त्या वाटेवरची दाटी काही ठिकाणी थोडी कमी-जास्त ठेवली की एका सेक्टरपासून दुसऱ्या सेक्टरपर्यंत पोचायला लागणारा वेळ बदलतो, आणि गेम तो वेळ मोजतो. कोऱ्या सीडीवर खाच आधीच पाडलेली असते, त्यामुळे ती दाटी साध्या रायटरला उठवता येत नाही. सगळे बिट बरोबर उतरवले तरी ही खूण कुठेच सापडत नाही, कारण ती बिटांत नाहीच. अल्कोहोल आणि ब्लाइंडराइट ती वेगळी मोजून इमेजसोबत लिहून ठेवतात. अल्कोहोलमध्ये ‘डेटा पोझिशन मेजरमेंट’ हा पर्याय चालू करा, अचूकता ‘हाय’ ठेवा आणि इमेज एमडीएस-एमडीएफ या जोडीतच साठवा. मापं एमडीएस या छोट्या फाइलीत असतात. ती हरवली तर एमडीएफ एकटी काही कामाची नाही. मोजणी चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरं काही करू नका. माझ्याकडे लॅपटॉपच्या बारीक यूएसबी ड्राइव्हवर मोजणी कधी जुळली नाही, डेस्कटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर पहिल्याच वेळी जुळली.

ब्लाइंडराइट ही व्हीएसओ या फ्रेंच कंपनीची आणि काम चोख करायची, पण आता बंद आहे आणि तिचा फॉरमॅट वाचणारी साधनं कमी होत चालली आहेत. नव्याने त्यात काही साठवू नका. क्लोनसीडीचंही काम बरीच वर्षं थांबलेलं आहे, मात्र तिच्या फाइली अजून सगळीकडे उघडतात. रशियन स्टारफोर्स असलेली सीडी निघाली तर तिच्यावर फार वेळ घालवू नका. तेही सीडीवर सेक्टर कुठे आहेत ते मोजतं, वर स्वतःचे ड्रायव्हर बसवतं आणि व्हर्च्युअल ड्राइव्हवर संशय घेतं. इमेज घेऊन ठेवा, पण ती चालेल अशी अपेक्षा धरू नका.

मामेभावाच्या प्लेस्टेशन सीडीवर युरोपातल्या काही गेमांना असलेलं लिबक्रिप्ट असू शकतं. फायनल फँटसी ८ आणि ९ च्या युरोपियन आवृत्त्यांत ते आहे. १६ बिटांची एक किल्ली ‘क्यू’ सबचॅनेलमधल्या मुद्दाम बिघडवलेल्या नोंदींत लपवलेली असते. सबचॅनेलला मजकुरासारखं भक्कम चूक-दुरुस्तीचं संरक्षण नसतं, त्यामुळे खरी बिघडवलेली नोंद आणि ड्राइव्हने चुकून वाचलेली नोंद सारखीच दिसते. निदान दोनदा वाचा आणि ताडून बघा. जे दोन्ही वेळा बिघडलेलं तेच खरं. रीडम्पर किंवा डिस्कइमेजक्रिएटरने घेतलंत तर शेवटी बिन आणि सीयूई या फाइलींसोबत एसबीआय नावाची छोटी फाइल लागते, ती एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनची नक्कल करणारा प्रोग्राम, वाचतो. नंतर तुमच्या इमेजचा हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेली ठशासारखी खूण, रीडम्प डॉट ऑर्ग या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवरच्या नोंदीशी जुळवा. जुळला की शंका संपली.

अजून एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर उत्तम इमेज करूनही निराश व्हाल. सेफडिस्कला लागणारा ‘सेकडीआरव्ही’ ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये ठेवलेलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने व्हिस्टा ते ८.१ मध्येही तो बंद केला. म्हणजे ओरिजिनल सीडी टाकली तरी गेम चालणार नाही, तिथे इमेजचा काय दोष? मी यासाठी एक्सपीचं एक जुनं मशीन इंटरनेटशिवाय ठेवलंय. फक्त खेळायचंच असेल तर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर तो गेम विकत मिळतो का ते आधी बघा, तिथे प्रोटेक्शनच नसतं. तरीही सीडीची इमेज घ्याच, कारण त्या आवृत्तीतली सीडीवरची गाणी, जुने व्हिडिओ कित्येकदा नव्या आवृत्तीत नसतात.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) हे वैधपणे बाळगलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामची, तो हरवला किंवा खराब झाला तर असावी म्हणून, बॅकअप प्रत करू देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए हे हक्कभंगाच्या उद्देशाने प्रोटेक्शन मोडण्याला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगतं. म्हणून इमेज स्वतःपुरती ठेवा, कुणाला वाटू नका, आणि सीडी विकलीत तर इमेजही पुसा.

जागेची काळजी नको. सबचॅनेल धरूनही एक सीडी ९०० एमबीच्या आत बसते, तुमच्या वीस सीडी १८ जीबीत मावतील. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, सोबत लॉग आणि हॅशची फाइलही ठेवा. आणि सुरुवात आवडत्या गेमपासून नका करू. सगळ्या सीडी दिव्यासमोर धरा, जिच्यात ठिपके दिसतील ती आज रात्रीच घ्या. एखाद्या सीडीचं प्रोटेक्शन ओळखता आलं नाही तर तिच्यातल्या फाइलींची नावं खाली लिहा, मी बघून सांगते.