फळ्यावरचा ५८: विक्रम, उच्चांक की खेळी?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका स्नूकरप्रेमीनं विचारलंय: ‘आमच्या क्लबातल्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा पर्सनल बेस्ट ब्रेक लिहितात. यंदा फळा मराठीत करायचं ठरलं. कोणी म्हणतं “वैयक्तिक विक्रम” लिहा, कोणी “उच्चांक”, कोणी “सर्वोत्तम खेळी”. त्यात एका सभासदानं दुपारी एकट्यानं खेळताना ५८ चा ब्रेक केला, तोही लिहाच म्हणतो. शब्द कोणता घ्यावा?’

प्रश्न शब्दाचा दिसतो, पण भांडण ५८ चं आहे हे उघड आहे. आणि दोन्हींचा निकाल एकदमच लागतो, कारण शब्द जो घ्याल त्यावरच कोणता आकडा आत येणार आणि कोणता दाराबाहेर राहणार हे ठरतं.

आधी ‘ब्रेक’कडे बघू. इंग्रजीत गाडी थांबवणारा ब्रेक आणि तुटण्याचा ब्रेक यांचं स्पेलिंग निराळं. देवनागरीत दोघे जुळे भाऊ. मग मराठीनं ओळख पटवायचं काम क्रियापदावर सोपवलं. स्कूटरचा ब्रेक आपण मारतो, कामाला ब्रेक लागतो, दमलो की ब्रेक घेतो, नवख्या नटाला ब्रेक मिळतो. कॅरममध्ये ‘ब्रेक कोणाचा?’ म्हणजे पहिला फटका कोणाचा. स्नूकरमध्ये मात्र त्या पहिल्या फटक्याला ब्रेक-ऑफ म्हणतात आणि नुसता ब्रेक म्हणजे टेबलाशी एकदा आल्यावर न चुकता सलग मिळवलेले गुण. कॅरमवर वाढलेलं पोरगं ‘त्याचा ब्रेक ५३ चा आहे’ ऐकतं तेव्हा पहिल्याच फटक्यात ५३ कसे गेले बाप्पा, असं त्याला वाटतं. मलाही वाटलं होतं.

५३ होतात ते असे: लाल बॉल पॉकेटात गेला की १, मग काळ्याचे ७ (रंगीत बॉल पुन्हा जागेवर ठेवतात), अशी जोडी सहा वेळा जमली की ४८. सातवा लाल गेला, ४९. काळ्यासाठी पांढरा, म्हणजे काठीनं मारायचा बॉल, नीट थांबला नाही म्हणून तपकिरी घेतला, त्याचे ४, झाले ५३. आठवा लाल हुकला, ब्रेक संपला. प्रतिस्पर्ध्यानं फाउल केल्याचे चार गुण फ्रेमच्या, म्हणजे त्या डावाच्या, खात्यात जमा होतात, ब्रेकमध्ये नाही. आपण शेवटी फाउल केला तर त्या फटक्याचेही काही मिळत नाही. हौशी मंडळींच्या आकड्यांत हे चार गुण हळूच शिरलेले मी पाहिलेत.

हे ५३ आपण ‘मारले’ की ‘लागले’? स्नूकर पार्लरमध्ये दोन्ही ऐकू येतं आणि दोन्हींत फरक आहे. लॉटरी लागते, ठेच लागते, भूक लागते. ‘लागणे’मध्ये करणारा नामानिराळा असतो. ‘काल ५३ मारला’ म्हणणारा फुशारकी मारतो. ‘काल ५३ लागला’ म्हणणारा एक तर विनयी असतो, नाहीतर त्या ५३ मधला एक काळा तीन कुशनांना, म्हणजे टेबलाच्या कडांना, आपटून भलत्याच पॉकेटात गेलेला असतो. स्नूकरच्या नियमात असा नशिबाचा बॉल पूर्ण धरला जातो, कारण पॉकेट आधी सांगायची अटच नाही. तेव्हा ‘लागलेला’ ब्रेकही फळ्यावर चालतो. सांगणाऱ्यानं क्रियापद प्रामाणिक वापरावं, एवढंच.

आता तीन उमेदवार. ‘खेळी’ मी पहिल्या फेरीतच बाद करतो. क्रिकेटमुळे ‘५३ धावांची खेळी’ कानाला गोड लागते खरी, पण खेळी म्हणजे डावपेचही. राजकीय खेळी आपण रोज वाचतो. आणि स्नूकरमध्ये तर पांढरा बॉल एखाद्या रंगीत बॉलच्या आड दडवून समोरच्याला अडकवणं हीच अस्सल खेळी, जिचा एकही गुण मिळत नाही. ‘सर्वोत्तम खेळी ५८’ वाचून कोणालाही प्रश्न पडेल की नक्की काय केलं. ‘ब्रेक’ला मराठी शब्द शोधायची धडपडही मला अनावश्यक वाटते. खेळ परका म्हणावा, तर १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्यानं (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे) जबलपूरला तो सुरू केला. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर. खेळ आपल्याच प्रांतातला आहे, शब्द राहू द्या त्यांचा.

‘विक्रम’ भारदस्त आहे. मूळ अर्थ पाऊल टाकणं, त्यावरून पराक्रम. तीन पावलांत जग व्यापणारा म्हणून त्रिविक्रम. आजच्या मराठीत विक्रमाची ‘नोंद होते’, तो ‘प्रस्थापित होतो’, तो ‘मोडीत निघतो’. म्हणजे शब्दासोबत वही, पंच आणि साक्षीदार येतात. स्नूकरमध्ये हे साक्षीदार किती चिकट असतात ते पाहा. जो डेव्हिस या खेळाडूनं १९५५ मध्ये लंडनला १४७ केले, म्हणजे पंधराही लालसोबत काळा आणि मग सगळे रंग. पण सामना खेळाच्या नियामक संस्थेच्या नियमांनी खेळला गेला नव्हता, म्हणून अधिकृत मान्यता मिळायला १९५७ उजाडलं. जॉन स्पेन्सरनं १९७९ मध्ये स्लाउ इथे स्पर्धेत १४७ केले. टेबलाची पॉकेट मापापेक्षा मोठी निघाली आणि ते विक्रम म्हणून धरलेच नाहीत. समोरच्याच्या फाउलनंतर जादा बॉल मिळाला तर १४७ च्याही वर जाता येतं. जेमी बर्नेटचे २००४ मधले १४८ स्पर्धेतले, म्हणून ते विक्रमांत बसतात. जेमी कोपचे २००५ मधले १५५ साक्षीदारांसमोरचे, पण सरावातले, म्हणून त्यांचा उल्लेख नेहमी ‘सरावात’ हा शब्द जोडूनच होतो. आपल्या गीत सेठींनी राष्ट्रीय स्पर्धेत हौशी खेळाडू म्हणून १४७ केले, त्याला विक्रम म्हणायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. गल्लीतल्या पार्लरमधल्या ५८ ला म्हटलं तर शब्दच लाजेल.

राहिला ‘उच्चांक’. उच्च अधिक अंक. सगळ्यांत वर गेलेला आकडा, बस. त्यात पराक्रमाचा दावा नाही. नागपूरकराला हा शब्द समजावून सांगायला नको, तो दर मे महिन्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो. पण साधा दिसला तरी उच्चांकही मोजपट्टी बरोबर असावी असं मागतोच. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान विभागानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तो आकडा उच्चांक झाला नाही. ऊन खोटं नव्हतं, विचारा कोणालाही, पण मोजमाप चुकलं. स्पेन्सरच्या मोठ्या पॉकेटांची गोष्ट हीच.

त्याच मापानं ५८ तपासा. लाल बॉल त्रिकोणात लावून ब्रेक-ऑफपासून खेळले होते, की निळ्या-गुलाबीच्या रेषेत एकेक मांडून? मांडून खेळणं हा उत्तम रियाज आहे, पण त्यात खेळातली सगळ्यांत कठीण गोष्ट, गुच्छ फोडून लाल मोकळे करणं, आधीच हातानं करून ठेवलेली असते. तो आकडा मी धरणार नाही. पंधरा लाल होते की सहा? सहा लालच्या खेळात साधारणपणे ७५ वर कमाल संपते, तेव्हा त्याचा हिशोब वेगळा. हुकलेला बॉल ‘एकदा परत’ म्हणून पुन्हा लावला होता का? बाही पांढऱ्याला लागली तर फाउल कोणी म्हटलं असतं? एकटा माणूस स्वतःचा पंच होऊ शकतो. मी काही कोणाला खोटारडा म्हणत नाही. पण रंगीत बॉल जागेवर ठेवायला समोर कोणी असलं की हात जरा वेगळाच थरथरतो, हे टेबलाशी उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आणि इथे मराठीचा एक छोटा प्रत्यय वाद मिटवतो: ‘-तला’. सामन्यातला ४१, सरावातला ५८. दोन्ही खरे, दोन्ही त्याचेच. इंग्रजीतल्या ‘पर्सनल बेस्ट’ला एकच रकाना पुरतो, आपल्याला दोन करता येतात आणि कोणाचा अपमानही होत नाही. ‘वैयक्तिक सर्वोत्तम’ हा शब्दप्रयोग क्रीडा पानांवर रुळलाय. २०२५ मध्ये दोहाला नीरज चोप्रानं ९०.२३ मीटर भाला फेकला तेव्हा तो सर्रास दिसला. भालाफेकीत सर्वांत लांब तेच सर्वोत्तम, म्हणून तिथे शोभतो. स्नूकरमध्ये शेवटच्या काळ्यापर्यंत जाऊन हरलेली फ्रेम जिंकून देणारा ३१, कोणाही जाणत्याला रिकाम्या दुपारच्या ५८ पेक्षा उत्तम वाटेल. सर्वोत्तम हे मत झालं, फळ्यावर आकडा हवाय.

तेव्हा वर मोठ्या अक्षरांत ‘सर्वाधिक ब्रेक’ किंवा ‘ब्रेकचा उच्चांक’ लिहा, खाली ‘सामन्यातला’ आणि ‘सरावातला’ असे दोन रकाने पाडा. तुमच्या सभासदाचा ५८ त्रिकोण लावून खेळलेला असेल तर दुसऱ्या रकान्यात खुशाल जाऊ द्या. ‘वैयक्तिक’ची गरजच नाही, प्रत्येकाचं नाव शेजारी आहेच. माझं नाव कधी त्या फळ्यावर आलं तर पहिल्या रकान्यात २९ लिहा. दुसऱ्यात ४४ आहे, पण तो लागलेला.